पशुपरिचर्येचे शिक्षण कोणासाठी?

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही मध्य रेल्वेच्या एकाच मार्गावर ओळीने वसलेली शहरे. २०११ च्या जनगणनेत या तिन्ही शहरांची लोकसंख्या मिळून नऊ लाखांच्या पुढे गेली होती आणि त्यानंतर स्वस्त घरांच्या शोधात मुंबईहून इकडे सरकलेल्या कुटुंबांनी ती कितीतरी वाढवली आहे. नव्या वस्तीमागोमाग नवे धंदे येतात. कुत्र्यामांजरांच्या दवाखान्यांच्या पाट्या आता या पट्ट्यातही दिसू लागल्या आहेत. पाटीवर पशुवैद्याचे नाव आणि पदवी असते, ती असायलाच हवी. परंतु आत जो मुलगा पिसाळल्यासारख्या कुत्र्याचे तोंड धरून ठेवतो, शस्त्रक्रिया चालू असता त्याच्या श्वासावर लक्ष ठेवतो, जखमा धुतो, पट्ट्या बांधतो आणि संध्याकाळी पिंजरे साफ करून घरी जातो, त्याचे नाव पाटीवर नाही आणि बहुधा कोणत्याही नोंदवहीतही नाही.

या कामासाठी काय शिकावे लागते, असा प्रश्न दहावी किंवा बारावी झालेली मुले विचारू लागली आहेत. तो कोणी गांभीर्याने घेत नाही. त्याचे खरे उत्तर मात्र शासनाला लाजवणारे आहे. माणसांच्या परिचर्येसाठी १९४७ साली भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला, महाराष्ट्राने १९६६ साली आपला स्वतंत्र कायदा केला, दोन वर्षांची सहायक परिचारिका, तीन वर्षांची परिचारिका, पुढे पदवी अशा पायऱ्या बांधल्या गेल्या. त्या पायऱ्यांवर खासगी महाविद्यालयांनी पुढे काय बाजार मांडला ती निराळी कथा आहे. तथापि पायऱ्या आहेत. जनावरांच्या परिचर्येला आपल्याकडे पायरी नाहीच, साधे नावसुद्धा नाही. पशुसंवर्धन खात्याच्या आस्थापनेत पशुधन पर्यवेक्षक आहे, व्रणोपचारक आहे, परिचर आहे. शहरी दवाखान्यात मात्र सर्वांचे मिळून एकच नाव, 'हेल्पर'. ज्या कामाला समाजाने नाव दिले नाही त्याची मजुरी ठरवताना मालकाला फार विचार करावा लागत नाही.

कायदा काय म्हणतो ते पाहणे अवश्य आहे. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियमाने पशुवैद्यकाचा व्यवसाय नोंदणीकृत पदवीधरांसाठी राखून ठेवला. त्याच कायद्याच्या ३० व्या कलमात एक परंतुक आहे. पशुवैद्यकीय पर्यवेक्षक, स्टॉकमन किंवा स्टॉक असिस्टंट यांची पदविका अथवा प्रमाणपत्र असणाऱ्या व्यक्तीला, नोंदणीकृत पशुवैद्याच्या देखरेखीखाली व निर्देशानुसार, किरकोळ पशुवैद्यकीय सेवा देण्याची परवानगी राज्य शासन देऊ शकते. किरकोळ सेवा म्हणजे लसीकरण, खच्चीकरण, जखमांची मलमपट्टी आणि राज्य शासन अधिसूचनेने ठरवील ते प्रथमोपचार. महाराष्ट्र शासनाने अशी यादी २००९ साली जाहीर केली. म्हणजे पशुपरिचर्येची कायदेशीर जागा गेली चाळीस वर्षे कागदावर आहे. 'देखरेखीखाली' या एका शब्दावर ती उभी आहे, आणि सारा वादही त्याच शब्दाचा आहे.

या जागेकडे जाण्याची वाट आज अशी आहे. दहावी उत्तीर्ण विद्यार्थ्याला नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न तंत्रनिकेतनांतून पशुधन व्यवस्थापन व दुग्धोत्पादनाची पदविका घेता येते. यांतील अनेक संस्था विनाअनुदानित आहेत, त्यामुळे प्रवेशाची अट दहावी एवढी सोपी असली तरी शुल्काची अट सोपी नाही. अभ्यासक्रम गाय, म्हैस, शेळी, कोंबडी आणि चारा यांभोवती रचलेला आहे, आणि ग्रामीण महाराष्ट्राच्या गरजेला ते धरूनच आहे. परंतु भूल दिलेल्या मांजराची देखभाल, क्ष-किरण यंत्राची खबरदारी, शस्त्रक्रियागृहाचे निर्जंतुकीकरण यांसाठी उल्हासनगरच्या दवाखान्यातील मुलाला त्यातून फारसे मिळत नाही. आणि पदविका मिळाल्यावर पुढे? पशुवैद्यकाची पदवी साडेपाच वर्षांची आहे. तिच्याकडे जायचे तर पदविकाधारकाला बारावी विज्ञान आणि 'नीट' परीक्षा याच दारातून पुन्हा यावे लागते. १८८६ साली सुरू झालेले परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय बदलापूरच्या मुलाला लोकलने दीड तासाच्या अंतरावर आहे, पण त्या दाराशी पोचायला लागणाऱ्या शिकवणीवर्गांचे शुल्क रिक्षाचालकाच्या किंवा जीन्स शिवणाऱ्या कारागिराच्या मिळकतीत बसत नाही.

येथे पदवीधर पशुवैद्यांचा आक्षेप प्रामाणिकपणे ऐकला पाहिजे. अर्धवट शिकलेल्याच्या हाती सुई दिली की भोंदूगिरी वाढते, असे ते म्हणतात. ही भीती केवळ धंद्याच्या मक्तेदारीपोटी आलेली नाही. डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचे उदाहरण ताजे आहे. हे औषध टोचलेल्या जनावराचे मृत शरीर खाऊन देशातील गिधाडे मेली, २००६ साली जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली, तरी माणसांसाठी विकल्या जाणाऱ्या मोठ्या कुप्यांतून ते गोठ्यात पोचत राहिले आणि २०१५ साली त्या कुप्यांवरही निर्बंध घालावे लागले. प्रतिजैविकांचा बेसुमार वापर हाही असाच प्रश्न आहे. अशा औषधांच्या बाबतीत निदान आणि चिठ्ठी पशुवैद्याचीच हवी, यात दुमत होण्याचे कारण नाही.

पण मग शासनाने स्वतः काय केले? १९७६ साली राष्ट्रीय कृषी आयोगाने इ. स. २००० पर्यंत दर पाच हजार गोवंशीय एककांमागे एक पशुवैद्य असावा अशी शिफारस केली होती. ती मुदत उलटून पाव शतक झाले. महाराष्ट्रात श्रेणी-२ चे पशुवैद्यकीय दवाखाने वर्षानुवर्षे पशुधन पर्यवेक्षकाच्या भरवशावर चालवले गेले. जवळ पशुवैद्य नाही, मग देखरेख कोणाची? कायद्याच्या पुस्तकात ज्याने हाताखाली काम करायचे, त्यालाच खेड्यात प्रमुख म्हणून बसवायचे, आणि त्याने पगार वा बढती मागितली की त्याला कायद्याचे पुस्तक दाखवायचे, असा हा व्यवहार आहे. २०२२ साली लम्पी त्वचारोगाची साथ आली तेव्हा गोट पॉक्सची लस घेऊन गोठोगोठी फिरणाऱ्यांत हेच लोक होते. साथीच्या दिवसांत त्यांची पात्रता कोणी तपासली नाही.

अंबरनाथ-बदलापूरच्या पलीकडे मुरबाडचा पट्टा सुरू होतो. म्हशाच्या यात्रेतील बैलबाजार साऱ्या ठाणे जिल्ह्याला परिचित आहे. शहराच्या कडेला म्हशींचे तबेले आहेत, कातकरी-ठाकरांच्या वाड्यांवर शेळ्या-कोंबड्या आहेत. २६ जुलै २०१९ च्या रात्री उल्हास नदीला पूर आला आणि दुसऱ्या दिवशी बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली. त्या प्रवाशांच्या सुटकेची चित्रे देशभर पाहिली गेली. पुरानंतर गोठ्यातील जनावरांच्या खुरांची, कासेची, जखमांची शुश्रूषा करावी लागते, लेप्टोस्पायरोसिससारख्या रोगाकडे लक्ष ठेवावे लागते, आणि त्यासाठी मोठ्या पदवीची नव्हे, शिकलेल्या हातांची संख्या लागते. ती संख्या येथील शहरांत बेकार म्हणून हिंडते आहे.

इंग्लंडमध्ये १९६१ साली तेथील रॉयल कॉलेजने पशुपरिचर्येच्या सहायकांसाठी प्रशिक्षण व परीक्षा यांची योजना सुरू केली. त्या वेळी 'नर्स' हा शब्द वापरण्याची त्यांना मुभा नव्हती, ती १९८४ मध्ये मिळाली. आज तेथे शालान्त पातळीचे पाच विषय, त्यांत इंग्रजी, गणित व विज्ञान, एवढ्या पात्रतेवर मुलगी दवाखान्यात वेतन घेत शिकाऊ म्हणून लागू शकते आणि सुमारे अडीच-तीन वर्षांनी नोंदणीकृत परिचारिका होते. तेथेही सारे आलबेल नाही. 'व्हेटरनरी नर्स' या नावाला कायद्याचे संरक्षण मिळावे म्हणून अजून चळवळ चालू आहे. साहेबाचे सारे उचलावे असे कोणी म्हणणार नाही. पण प्रवेशाची अट साधी, शिक्षण कसून, आणि शिकताना पोटाला वेतन, ही त्या योजनेची रचना समजून घेण्याजोगी आहे.

आणि त्यासाठी लंडनपर्यंत जाण्याची गरजही नाही. अंबरनाथच्या कामगाराला ही रचना दोन पिढ्यांपासून ठाऊक आहे. आयुधनिर्माणीत आणि आसपासच्या कारखान्यांत फिटर, टर्नर, मशिनिस्ट तयार झाले ते औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून आणि १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली. उमेदवाराला विद्यावेतन होते, मुदत ठरलेली होती, शेवटी परीक्षा होती आणि तिचा कागद देशभर चालत होता. आठवी-दहावी झालेल्या निर्वासित कुटुंबातील सिंधी मुलाला आणि कोकणातून आलेल्या मराठी मुलाला त्या कागदाने उभे केले. लोखंड कातणाऱ्या हाताला जी व्यवस्था मिळाली ती जिवंत प्राणी सांभाळणाऱ्या हाताला का मिळू नये, याचे अर्थशास्त्रीय कारण कोणी सांगू शकणार नाही. सामाजिक कारण मात्र उघड आहे. मेलेली आणि आजारी जनावरे हाताळणे, त्यांची घाण काढणे ही कामे आपल्या समाजाने ज्यांच्या माथी मारली, त्यांच्या श्रमाला कौशल्य म्हणण्याची सवयच आपल्याला नाही. एरवी 'परिचर' या शब्दाचा अर्थ सरकारी दप्तरात 'शिपाई' असा उरला नसता.

आजची स्थिती याच्या उलट दिशेने चालली आहे. दवाखान्यांतून बहुधा तीन-चार माणसे कामाला असतात. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांना बहुतेक तरतुदींतून मोकळे केले, आणि ही मर्यादा वीसवर नेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये घेतला. कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी, जादा कामाचा मोबदला या गोष्टी मग मालकाच्या सौजन्यावर राहतात. तोच मालक अनेकदा कर्ज काढून यंत्रे घेतलेला, भाड्याच्या गाळ्यात बसलेला तरुण पशुवैद्य असतो. त्याला खलनायक ठरवून काही साधणार नाही. ग्रामीण बाजूस २०२२ पासून केंद्र शासनाने 'ए-हेल्प' योजनेखाली बचत गटांतील पशुसखींना अल्प मुदतीचे शिक्षण देऊन पशुवैद्य आणि पशुपालक यांमधील दुवा म्हणून नेमण्यास आरंभ केला. स्त्रिया या क्षेत्रात येत आहेत ही चांगली गोष्ट आहे. पण त्यांना मिळते ते कामागणिक मानधन. आशा कार्यकर्त्यांच्या बाबतीत 'मानधन' या शब्दाने काय केले हे ज्यांनी त्यांच्या मोर्चांत पावले टाकली त्यांना सांगायला नको. महिन्याभराचा, तीन महिन्यांचा, सोळा दिवसांचा असे तुकड्यातुकड्यांचे अभ्यासक्रम निघत राहिले तर प्रमाणपत्रे पुष्कळ होतील आणि परिचारक एकही होणार नाही.

मागणी काय करावी हे यातून स्पष्ट होते. प्रवेशाची अट दहावीच राहावी, ती बारावी विज्ञानावर नेऊन दार अरुंद करू नये. अंबरनाथ आणि उल्हासनगर येथे शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. तेथे परळच्या महाविद्यालयाच्या मार्गदर्शनाखाली, विद्यावेतनासह, दोन वर्षांचा पशुपरिचर्येचा अभ्यासक्रम मराठीतून चालावा, त्यातील अर्धा वेळ दवाखान्यात व गोठ्यात जावा, आणि आज ज्यांची पाच-दहा वर्षे या कामात गेली आहेत त्यांना अनुभवाच्या बळावर थेट परीक्षेस बसू द्यावे. राज्य पशुवैद्यक परिषदेकडे परिचारकांची स्वतंत्र नोंदवही असावी, म्हणजे 'देखरेखीखाली' या शब्दाला दोन्ही बाजूंनी जबाबदार माणूस मिळेल. पदविकाधारकांसाठी पदवीच्या काही जागा राखून ठेवल्या तर वर जाणारी वाटही खुली होईल. खर्चाचा बाऊ करण्याचे कारण नाही. भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीचे काम पालिकांना करावेच लागते. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात नसबंदी व लसीकरण करून कुत्री, पिसाळलेली व आक्रमक कुत्री वगळता, मूळ जागी सोडण्यास सांगितल्यावर तर ते टाळता येणारच नाही. ते काम कंत्राटावर देताना कंत्राटदाराने प्रशिक्षित माणसेच नेमली पाहिजेत, एवढी अट घालणे कोणत्याही नगरपालिकेच्या हाती आहे.

तिन्ही शहरांतील कार्यकर्त्यांना एक काम मात्र शासनाच्या निर्णयाची वाट न पाहता करता येईल. आपापल्या प्रभागातील दवाखान्यांत, तबेल्यांत आणि नसबंदी केंद्रांत जाऊन तेथे राबणाऱ्यांची यादी करावी. किती शिकले, किती वर्षे काम केले, पगार किती, हजेरीपट आहे की नाही, हे विचारावे. आणि सर्वांत आधी, कुत्रा चावण्यापूर्वी घ्यावयाची रेबीजप्रतिबंधक लस त्यांना दिली आहे का आणि तिचे पैसे कोणी भरले, हे विचारावे.