लकवा झालेला माणूस ‘काही नाही झालं’ म्हणतो तेव्हा

दरवर्षी २९ ऑक्टोबरला, जागतिक पक्षाघात दिनी, एकच सूचना दिली जाते : तोंड वाकडे झाले, हात खाली पडला, बोलणे अडखळले की तडक रुग्णालयात या. सूचना बरोबर आहे. पण ज्याला लकवा झाला त्याला तो कळेलच, असे आपण त्यात धरून चालतो. मेंदूच्या उजव्या भागात झटका आलेल्या अनेकांना ते कळतच नाही.

डावा हात लुळा पडलेला असतो आणि माणूस शांतपणे सांगतो, ‘‘मले काई नाई झालं.’’ हात उचला म्हटले तर ‘उचलला ना’ म्हणतो. तो खोटे बोलत नसतो, हट्टही करत नसतो. फ्रेंच मेंदूतज्ज्ञ जोसेफ बाबिन्स्की यांनी १९१४ मध्ये या अवस्थेला ‘अॅनोसोग्नोसिया’ हे नाव दिले. काहींच्या लेखी जगाची डावी बाजूच उरत नाही. ताटातली उजवीकडची भाजी संपते, डावीकडची चटणी आणि भाकरीचा डावा तुकडा तसाच राहतो, आणि माणूस पुन्हा वाढायला सांगतो. दाढी अर्धीच होते. क्वचित कोणी स्वतःच्याच हाताकडे बघून म्हणतो, ‘‘हा हात माहा नाही.’’ एखाद्याला तर तिसरा हात फुटल्याचे जाणवते. मग घरचे बाहेरची बाधा समजून त्याला बाबाकडे नेतात.

याची दुसरी बाजू आपल्या भागात जास्त परिचित आहे. थ्रेशरमध्ये हात गेलेला शेतकरी किंवा मधुमेहाने पाय काढावा लागलेली बाई सांगते, नसलेली बोटे खाजतात, ठणकतात. अमेरिकन यादवी युद्धातील जखमींवर उपचार करणाऱ्या सायलस वेअर मिचेल यांनी १८७१ मध्ये याला ‘फँटम लिंब’, म्हणजे आभासी अवयव म्हटले. शरीराचा एक नकाशा मेंदूत असतो. अवयव कापला तरी तो नकाशा शिल्लक राहतो. लकव्यात अवयव जागेवर असतो, नकाशाच बिघडतो.

याचा पहिला फटका वेळेला बसतो. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. धारणीहून अमरावतीला घाट उतरून येण्यातच त्यातले बरेच तास जातात. त्यात घरातल्या कर्त्या पुरुषाने ‘काही नाही, झोपतो जरा’ म्हटले, तर त्याच्यापुढे सून बोलणार कशी? तिने बोलावे. लकव्याच्या बाबतीत निर्णय रुग्णाच्या शब्दावर सोडू नये, बघणाऱ्याच्या डोळ्यांवर विश्वास ठेवावा.

दुसरा फटका सुटी झाल्यावर बसतो. आमच्या कागदावर हातापायाची ताकद शून्य ते पाच अशी लिहिली जाते, शरीराची जाणीव बहुधा लिहिलीच जात नाही. घरी तो हात लोंबत राहतो, खांदा दुखावतो, चुलीजवळ चटका बसला तरी कळत नाही. व्यायाम होत नाही आणि घरचे त्याला आळशी ठरवतात. खरे तर कागदावर आडवी रेघ ओढून ‘मध्यावर खूण करा’ एवढे सांगितले, तरी अनेकदा दोष लक्षात येतो. त्याला एमआरआय लागत नाही. अकोल्यात २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, अमरावतीतही २०२४ मध्ये सुरू झाले. तिथल्या विद्यार्थ्यांच्या हाताला ही पाच मिनिटांची तपासणी लागली पाहिजे. यंत्रांसाठी निवेदने निघतात, फिजिओथेरपिस्टच्या पदांसाठी निघालेले मी तरी फारसे पाहिले नाही.

उपचार महाग नाहीत. आभासी अवयवाच्या वेदनेसाठी डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात साधा आरसा वापरला. चांगला हात आरशासमोर हलवायचा, मेंदूला दुसराच हलल्यासारखा दिसतो. लकव्यासाठी २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात ६२ अभ्यासांतील १,९८२ जणांची माहिती तपासली गेली. हालचाल आणि रोजची कामे यांत आरशाने काही प्रमाणात सुधारणा दिसली. डावी बाजू विसरण्यावर त्याचा उपयोग तेवढा सिद्ध झालेला नाही. म्हणून आरसा आणायचा तर फिजिओथेरपिस्टकडून शिकून घेऊनच. तोवर घरच्यांनी रुग्णाच्या डावीकडे बसून बोलावे, हाक तिकडून द्यावी आणि जेवताना ताट मधूनच फिरवून ठेवावे.