दुकान ऑनलाइन, किल्ली कुणाकडे?

बचत गटांच्या कुठल्याही मेळाव्याला आज गेलं की एक भाषण हमखास ऐकायला मिळतं. व्यासपीठावरचे साहेब, कधी बाईसाहेबही, सांगतात : भगिनींनो, टोपली घेऊन बाजारात बसायचे दिवस गेले. आता मोबाइल हेच तुमचं दुकान. फोटो काढा, स्टेटसला ठेवा, इन्स्टाग्रामवर पेज उघडा, रील करा आणि घरबसल्या जगभर माल विका. मग एका ताईंचा सत्कार होतो, त्यांची चटणी अमेरिकेला गेलेली असते. टाळ्या पडतात, चहा होतो, बायका घरी जातात.

या भाषणात खोटं काही नाही. पण त्यातला 'घरबसल्या' हा शब्द मला खटकतो. पुरुषाच्या धंद्याला कुणी असा शब्द लावत नाही. बाईने कमवावं, पण उंबरा न ओलांडता, घरातल्या कामाला खीळ न घालता, ही जुनीच अपेक्षा नव्या यंत्रावर बसून आली आहे की काय, हे आपण तपासायला हवं.

तरी मी फोनच्या विरोधात नाही, हे आधीच सांगते. २०२० च्या टाळेबंदीत आठवडी बाजार बंद, जत्रा बंद, प्रदर्शनं बंद अशी वेळ आली तेव्हा कितीतरी गटांचा माल व्हॉट्सअ‍ॅपवरूनच खपला. २०१६ साली यूपीआय आलं आणि आज भाजीवालीच्या पाटीवरसुद्धा स्कॅनर दिसतो. सुट्ट्या पैशांची कटकट गेली. शहरात आपल्या मसाल्याला काय भाव मिळतो हे गावातल्या बाईला आता व्यापाऱ्याला विचारावं लागत नाही, ती स्वतः बघू शकते. भाव कळणं ही फार मोठी गोष्ट आहे. म्हणून ऑनलाइन जावं की नाही, हा वाद मला घालायचा नाही. ते दुकान कुणाच्या नावावर आहे आणि त्याची किल्ली कुणाच्या हातात आहे, हे मात्र कुठल्याच प्रशिक्षणात विचारलं जात नाही, आणि ते आपण विचारलं पाहिजे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांनी सांगितलं की आपण स्वतः वापरतो असा मोबाइल आपल्याकडे आहे. इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या स्त्रिया साधारण तीनात एक. त्यानंतर फोन वाढले असतील, पण त्या सर्वेक्षणातला 'स्वतः वापरते' हा शब्दप्रयोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. तो फोन कुणाच्या नावावर, हे त्यात येत नाही.

गटाच्या बैठकीत सहज विचारून पाहा : तुझं सिम कुणाच्या आधारवर घेतलंय? निम्म्या जणींना सांगता येणार नाही. 'ह्यांनी आणून दिलं', 'पोराने टाकून दिलं', 'दिराचं जुनं आहे'. आता हे सिम म्हणजे काय ते बघा. व्हॉट्सअ‍ॅप त्या नंबरवर. गिऱ्हाइकांची यादी त्या नंबरवर. बँक खातं जनधनचं, बाईच्या नावाने, पण बँकेत नोंदवलेला मोबाइल नंबर नवऱ्याचा. मग यूपीआय त्याच्याच फोनवर चालू होतं, ओटीपी त्याच्याकडे येतो, पैसे आल्याचा निरोपही आधी त्याला कळतो. इन्स्टाग्रामचं पेज पुतण्याने त्याच्या ई-मेलवरून उघडलेलं, पासवर्ड त्याच्याकडे. कष्ट तिचे, चव तिची, फोटोत हसरा चेहरा तिचा. आणि धंद्याच्या चारही किल्ल्या घरातल्या पुरुषांच्या खिशात.

घर गुण्यागोविंदाने चाललेलं असतं तोवर यात काही बिघडत नाही. बिघडतं ते भांडण झाल्यावर. आमच्या ओळखीच्या एका बाईंनी दिवाळीच्या फराळाचा व्यवसाय सहा वर्षांत उभा केला होता. नवऱ्याने घराबाहेर काढलं तेव्हा अंगावरच्या कपड्यांनिशी त्या माहेरी आल्या. आठ दिवसांनी नवं सिम घेतलं, पण जुन्या नंबरवरची चारएकशे गिऱ्हाइकं तिकडेच राहिली. त्या दिवाळीत त्याच नंबरवरून, त्यांच्याच चकल्यांचे जुने फोटो टाकून, सासरच्या मंडळींनी ऑर्डरी घेतल्या. गिऱ्हाइकांना काही कळलंच नाही. पोलिस चौकीत विचारणा झाली तेव्हा उत्तर मिळालं, नंबर तर त्यांच्याच नावावर आहे ना?

परित्यक्तांचा प्रश्न आपल्याला नवा नाही. सातबारावर बाईचं नाव लागावं म्हणून १९९० च्या आसपास शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली, १९९४ साली महाराष्ट्राने महिला धोरण आणलं, घर दोघांच्या नावावर हवं यासाठी आपण मोर्चे काढले. का? तर राबणाऱ्या बाईच्या नावावर काही नसेल तर एका रात्रीत ती रस्त्यावर येते, हे आपण डोळ्यांनी पाहिलं होतं म्हणून. आज नंबर, खातं आणि पेज ही तशीच मालमत्ता झाली आहे. तिला बांध नाही, भिंत नाही, म्हणून ती डोळ्यांना दिसत नाही एवढंच. आपल्या कार्यकर्त्या रेशन कार्ड आणि सातबारा तपासतात. त्यांनी सिमही तपासायला शिकलं पाहिजे.

दुसरी गोष्ट भांडवलाची. प्रशिक्षणात सांगतात, सुरुवातीला भांडवल लागतच नाही, फक्त आपल्या ओळखीच्यांना मेसेज पाठवा. ओळखीचे कोण? एखाद्या निवृत्त शिक्षिकेच्या फोनमध्ये पुण्या-मुंबईच्या सोसायट्या आहेत, बँकेतल्या मैत्रिणी आहेत, परदेशातले भाचे आहेत. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईच्या फोनमध्ये मुकादमाचा नंबर आहे आणि तिच्यासारख्याच दहा जणींचे. दोघींनी एकाच दिवशी सारखाच मसाला स्टेटसला ठेवला तर कुणाचा खपेल, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. फोनमधली नावं हेच भांडवल आहे आणि ते जातीने आणि वर्गाने वाटलेलं आहे.

शिवाय प्रश्न खाण्याच्या पदार्थाचा असेल तर आडनाव आड येतं. २०१७ साली पुण्यात एका उच्चशिक्षित बाईंनी, स्वयंपाकाला ठेवलेल्या बाईने जात लपवली म्हणून पोलिसांत तक्रार दिली होती, ते आपण विसरलेलो नाही. पेजवर तर आडनाव पहिल्याच ओळीत असतं. 'सोवळ्यातलं', 'शुद्ध सात्त्विक', 'अस्सल ब्राह्मणी चवीचं' अशा पाट्या लावून माल विकणाऱ्यांना कुणी अडवत नाही. उलट तीच खूण म्हणून चालते. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलितांची खाद्यपरंपरा मांडली, २०१५ साली. ते पुस्तक कौतुकाने वाचणाऱ्यांपैकी किती जणी त्या स्वयंपाकघरांतून आलेल्या चटणीची ऑर्डर देतील? आपल्या संघटनांतल्या शहरी मैत्रिणींना मी हा प्रश्न मुद्दाम विचारते आहे. आपल्या फोनमधली नावं आपण त्या गटांसाठी उघडली तर ती खरी मदत होईल. नुसतं 'खूप छान ताई' लिहून अंगठा दाखवण्याने कुणाचं पोट भरत नाही.

आता थोडं हिशेबाचं. कुरडयांचंच घ्या. वजनाला हलक्या, जागेला मोठ्या, आणि हात लागला की मोडतात. बहुतेक कुरिअरवाले वजन आणि आकार दोन्ही बघतात. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि सहसा ५००० ने भागायचं, जे येईल ते किलो धरायचे. एक किलो कुरडयांचं ४० गुणिले ३० गुणिले २५ चं खोकं सहा किलोचं ठरतं. हे आधी माहीत नसलं की पार्सलचा खर्च बाईच्या मजुरीतून जातो, कारण मजुरी ही एकच बाब आपण हिशेबात धरलेली नसते. गहू, तेल, तिखट, पिशवी, सगळं वहीत असतं. चीक घोटताना भरून आलेले दंड वहीत नसतात. आणि रात्री अकरा वाजता 'ताई, उद्या मिळेल का?' या मेसेजला उत्तर देण्याचा वेळ तर कामच धरला जात नाही. मोठ्या बाजार-कंपन्यांवर माल लावला तर त्यांची वर्गणी, परत आलेल्या मालाचा भुर्दंड, यादीत वर दिसण्यासाठी जाहिरातीचे पैसे, हे सगळं आणखी वर. तासाची मजुरी आधी ठरवा, ती खर्चात धरा, मग किंमत काढा. या किमतीला कुणी घेत नसेल तर तो माल ऑनलाइन विकण्याचा नाही. जवळच्या बाजारात विका, त्यात कमीपणा नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात. उद्यम नोंदणीला सरकार एक पैसाही घेत नाही. एजंटला हजार-पाचशे देऊ नका. खाण्याचा पदार्थ असेल तर अन्नसुरक्षेचा चौदा आकडी नोंदणी क्रमांक हवाच. पूर्वी बाजार-कंपनीच्या साइटवर माल विकायचा तर उलाढाल कितीही छोटी असली तरी जीएसटी क्रमांक लागायचा. १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्या छोट्या विक्रेत्यांना त्यातून सूट आहे, पॅन मात्र लागतो. तो पॅनही बाईचा स्वतःचा असावा.

याच कायद्यातली एक अट मात्र बाईच्या दृष्टीने कुणी वाचलेलीच दिसत नाही. पाकिटावर उत्पादकाचं नाव, पूर्ण पत्ता आणि तक्रारीसाठी फोन नंबर छापावा लागतो. ग्राहकाच्या हक्कासाठी ते योग्यच आहे. पण उत्पादक म्हणजे घरात एकटी राहणारी बाई असली तर? तिचा पत्ता आणि नंबर प्रत्येक पाकिटाबरोबर अनोळखी माणसांच्या हातात जातो. 'रेट काय' असं विचारून घाणेरडं बोलणारे, रात्री व्हिडिओ कॉल करणारे, हे ज्या ज्या बाईने नंबर उघड केला तिने तिने सोसलेलं आहे. आणि घरात सांगायची सोय नाही, कारण पहिलं वाक्य येणार, 'बंद कर ते धंदे'. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ प्रमाणे फोनवरून, इंटरनेटवरून बाईचा पाठलाग करणं हा गुन्हा आहे. मेसेज पुसू नयेत, पडद्याचे फोटो काढून ठेवावेत, हे प्रत्येक गटात सांगायला हवं.

यावरचा उपाय मला तरी एकच दिसतो आणि तो जुना आहे. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले. त्यातून लिज्जत उभं राहिलं. पापड लाटणारी प्रत्येक बाई मालकीण, पण पाकिटावर कुणा एकीचं नाव नाही, कुणा एकीचा पत्ता नाही. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी मुंबईच्या खानावळवाल्यांना अन्नपूर्णात एकत्र आणलं, तेही सावकाराशी एकेकटीने झगडावं लागू नये म्हणून. आजचं प्रशिक्षण नेमकं उलटं शिकवतं : स्वतःचा ब्रँड करा, स्वतःचा चेहरा दाखवा, स्वतःचे फॉलोअर वाढवा. परिणाम असा की एकाच गावातल्या, एकाच गटातल्या बारा जणी बारा पेजवर तीच कांदा-लसूण चटणी पाच-पाच रुपये उतरवून विकतात. फायदा कुणाचा? गिऱ्हाइकाचा आणि कुरिअरवाल्याचा.

गटाचं एक सिम असावं. खरेदी-विक्रीसाठी एक फोन, तो पाळीपाळीने तिघींकडे, ठरलेल्या वेळेत. सात वाजल्यानंतर उत्तर नाही, असं पेजवरच लिहावं. पाकिटावर गटाचं नाव आणि गटाचा पत्ता. पैसे गटाच्या खात्यात, दोघींच्या सहीने. पासवर्ड गटाच्या वहीत, वही कपाटात, आणि गट सोडून जाणारीबरोबर तो बदलायचा. बाहेरचा मुलगा फोटो काढायला, रील करायला येऊ दे, त्याला पैसेही द्या, पण त्याच्या ई-मेलवर काही उघडू देऊ नका. एकत्र असल्याने भांडणं होतील, हिशेबावरून बोलाचाली होतील. बचतीच्या हिशेबावरूनही होतातच की, आणि त्या बैठकीत मिटतातही.

ज्या जणी आज एकट्याने धंदा करत आहेत त्यांच्यासाठी एक काम लगेच करण्यासारखं आहे. स्वतःच्या आधारवर नवं सिम घ्या. बँकेत जाऊन आपल्या खात्याला तोच नंबर जोडा. मग व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये खात्याच्या पानावर 'नंबर बदला' ही सोय आहे, तिथे जुना आणि नवा नंबर घाला. तुमचं खातं नव्या नंबरवर येतं आणि निवडलेल्या सगळ्या गिऱ्हाइकांना तसं कळवताही येतं. त्याआधी गिऱ्हाइकांची नावं आणि नंबर एका वहीत हाताने उतरवून घ्या आणि ती वही मैत्रिणीकडे ठेवा. सगळं मिळून एका दुपारचं काम आहे, पण ते जुना फोन आपल्या हातात असेपर्यंतच करता येतं.