आज्जीची ओवी याच दिवाळीत टिपून घ्या!

गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमी. जनाबाईंना दळू लागणारा विठ्ठल आपल्या परभणी जिल्ह्यात लहान लेकरांनाही ठाऊक आहे. पण आपल्या स्वतःच्या आज्ज्या-पणज्या जात्यावर काय म्हणत होत्या? चार ओव्या पुऱ्या सांगणारी नातवंडे आज शोधावी लागतील.

गिरणी आली आणि पहाटेचे दळण सुटले. बरेच झाले! अंधारात उठून ज्वारी दळायची आणि उजाडल्यावर शेतात राबायचे, हे कष्ट कोणत्याही बाईच्या वाट्याला पुन्हा येऊ नयेत. म्हणून जाते परत आणा, असे कुणी म्हणत नाही. ओवी मात्र जाऊ देऊ नका. सासरचा जाच, माहेरची ओढ, भावाचे कौतुक, लेकीची काळजी, पंढरीची वाट, बाबासाहेबांची थोरवी, जे चारचौघांत बोलता आले नाही ते बायांनी जात्यापाशी सांगितले. सातबाऱ्यावर त्यांचे नाव नव्हते, गावच्या दप्तरात त्यांचा शब्द नव्हता. त्यांच्या जगण्याचा त्यांनीच सांगितलेला इतिहास ओवीतच आहे.

त्याचे मोल काही जणांनी वेळीच ओळखले. मूळचे फ्रान्सचे गी पॉइटवाँ आणि पुण्याच्या हेमा राईरकर यांनी गावोगावच्या कार्यकर्त्यांसह एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. १९९६ साली ज्या गावांत ध्वनिमुद्रण झाले, त्यांत आपले ताडकळसही आहे. आज त्यातल्या ओव्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहाच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता-ऐकता येतात. पण जिल्ह्याचे तालुके नऊ. जिंतूर, सेलू, पालम, सोनपेठ इथल्या वाड्या-तांड्यांवर अजून कितीजणींना कुणी विचारलेलेच नसेल!

युरोपातल्या लहानशा लाटव्हियाने काय केले पाहा. त्यांची 'दाइना' म्हणजे बहुधा चार ओळींचे लोकगीत. गावोगावच्या लोकांनी ही गीते लिहून पाठवली आणि क्रिश्यानिस बारोन्स यांनी ती लावून १८९४ ते १९१५ या काळात दोन लाखांहून अधिक छापली. त्या गीतांच्या चिठ्ठ्या ठेवलेले कपाट २००१ साली युनेस्कोच्या जागतिक स्मृतिठेव्यात गेले. त्यांच्याकडे कागद आणि टपाल होते. आपल्या तर खिशात मोबाइल आहे.

म्हणून दिवाळीला लेकी माहेरी येतील, तेव्हा माय, आज्जी, मावशी, आत्या यांना एकत्र बसवा. एकीला आठवली की दुसरीला सुचते. आधी त्यांची परवानगी घ्या. नाव, गाव, माहेर, वय त्यांच्याच तोंडून नोंदवा. बोली 'शुद्ध' करू नका. जसे म्हटले तसेच लिहा. अडलेल्या शब्दाचा अर्थ तिथेच विचारा. ध्वनिमुद्रण दोन ठिकाणी जपा.

शिक्षकांनी हा दिवाळीचा गृहपाठ द्यावा. महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी आपापल्या तालुक्याचा संग्रह करावा. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाने तो एकत्र सांभाळावा. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले. आता त्या दर्जाला शोभेल असे काम करू या.

ज्यांनी दळता दळता ओव्या म्हटल्या, त्या आता सत्तरी-ऐंशीच्या आहेत. पुढच्या वर्षी बघू, असे म्हणण्याची सवलत आपल्याला नाही. आजच घरी विचारा: "माय, जात्यावर काय म्हणत होतीस गं?"