यंत्राचा हात आणि हमालाची पाठ

कोणत्याही मोठ्या बाजारपेठेत सकाळी मालमोटार रिकामी होताना पाहावी. पाठीवर पोते घेऊन फळीवरून उतरणारा माणूस आपल्या इतका परिचयाचा झाला आहे की, त्यात काही गैर आहे असे वाटेनासे झाले आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुषाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलोपर्यंत खाली आणावी, असे म्हटले होते. सिमेंटचे एक पोतेच ५० किलोचे असते. आणि ते दिवसातून एकदाच उचलावे लागते असे नाही.

हे ओझे उचलू शकणारे टेलिस्कोपिक फोर्कलिफ्ट हे यंत्र आता नवे राहिलेले नाही. साध्या फोर्कलिफ्टचे काटे उभ्या खांबावरून सरळ वर जातात. त्याला सपाट फरशी लागते. टेलिस्कोपिक यंत्राचा हात मात्र दुर्बिणीच्या नळ्यांप्रमाणे एकातून एक बाहेर सरकतो. तेलाच्या दाबावर तो वर जातो तसाच पुढेही जातो. त्यामुळे खड्ड्यापलीकडे, दुसऱ्या मजल्यावर किंवा मोटारीच्या एकाच बाजूस उभे राहून पलीकडच्या कडेपर्यंत माल पोहोचविता येतो. मोठ्या चाकांमुळे चिखलातही ते चालते. म्हणूनच बांधकाम आणि शेती ही त्याची खरी क्षेत्रे होत; गोदामातील अरुंद वाटांत साधे फोर्कलिफ्टच सोयीचे.

परंतु तरफेचा नियम यंत्रालाही सुटत नाही. हात जितका लांब, तितका पुढचा भार यंत्राला उलथू पाहतो. जवळ धरून तीन-चार टन पेलणारे यंत्र हात पूर्ण पसरल्यावर त्याचा लहानसा अंशच पेलते. चालकापुढील भारतक्ता वाचता येणे हे म्हणूनच कौशल्य आहे, आणि कौशल्य शिकवावे लागते.

येथे अर्थशास्त्राचा प्रश्न उभा राहतो. यंत्रामुळे एकूण उत्पन्न वाढले तरी मजुराचे नुकसान होऊ शकते, ही कबुली डेव्हिड रिकार्डोने १८२१ मध्ये आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तीत नवे प्रकरण घालून दिली. आपल्याकडे तिचा अर्थ फार ठोस आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालांना मंडळे दिली. भविष्यनिर्वाह निधी, रजा यांसारखे लाभ मालकाकडून मजुरीवर घेतल्या जाणाऱ्या लेव्हीतून मिळू लागले. जेथे ओझे यंत्र उचलील तेथे मजुरी घटेल, आणि मजुरीबरोबर लेव्हीही आटेल. पाठ वाचेल, पण निधी बुडेल.

यावर यंत्राला विरोध हा उपाय नव्हे. पाठ मोडणारे काम टिकविण्यात कसला पुरुषार्थ? उपाय आकारणीच्या पद्धतीत आहे. १९९६ च्या कायद्याने बांधकाम मजुरांसाठी आणलेला उपकर बांधकामाच्या खर्चावर बसविला होता, मजुरीवर नव्हे. त्यामुळे यंत्रे आली तरी तो आटण्याचे कारण नव्हते. तेच तत्त्व माथाडी क्षेत्रात आणून लेव्ही हाताळलेल्या मालाच्या वजनावर बसवावी, आणि यंत्रचालकाच्या प्रशिक्षणाचा पहिला हक्क मंडळात नोंदलेल्या हमालाला द्यावा.

व्यापारी म्हणतील, मग यंत्राचा फायदा काय? वेळ वाचेल, नासधूस घटेल. तो फायदा त्यांचाच राहील. फक्त ज्याच्या पाठीवर बाजार उभा राहिला, त्याला त्यातील वाटा नाकारता कामा नये.