श्यामची आंघोळ आणि पंढरपूरचा उपवास

साने गुरुजींची जयंती २४ डिसेंबरला आणि पुण्यतिथी ११ जूनला. दोन्ही दिवशी आपल्याकडे एकच गुरुजी हजर होतात: मातृहृदयी, हळवे, डोळ्यांत पाणी असलेले. मी शालेय वाचन आणि जात या विषयावर पीएच.डी. करते आहे. शाळांच्या भिंतींवरचे फलक आणि वक्तृत्व स्पर्धांची भाषणं हे माझं रोजचं साहित्य. त्यात 'श्यामची आई' हमखास असते, पंढरपूर क्वचित. असलं तरी एका ओळीत, 'हरिजनांसाठी मंदिर खुलं केलं' एवढंच. मंदिर कोणी बंद ठेवलं होतं, हे त्या ओळीत नसतं.

मला त्या अश्रूंचा राग नाही. त्या अश्रूंनी काय धुऊन टाकलं जातं, याचा आहे.

'श्यामची आई' १९३३च्या फेब्रुवारीत, ९ ते १३ तारखेच्या पाच दिवसांत, नाशिकच्या तुरुंगात लिहून झाली. त्या वेळी नाशिकात आणखी काय चाललं होतं? २ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला काळाराम मंदिराचा सत्याग्रह अजून संपलेला नव्हता. दादासाहेब गायकवाड तो चालवत होते आणि रामाचे दरवाजे बंद होते. पुस्तक छापून आलं १९३५ साली. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही, असं जाहीर केलं. मराठी बालसाहित्याच्या इतिहासात यातली एक घटना असते, दुसरी नसते. निरागस बालपणाचं वाङ्मय म्हणे जातीच्या बाहेर असतं!

पण ते पुस्तक स्वतः जातीच्या बाहेर नाही, आणि ही त्याची प्रामाणिक बाजू आहे. त्यात एका महार म्हातारीची लाकडांची मोळी पडते. शिवायचं नाही म्हणून कोणी उचलून देत नाही. आई श्यामला पाठवते आणि बजावते, मोळी डोक्यावर दे आणि घरी येऊन आंघोळ कर. वर्गात हा प्रसंग करुणेचा धडा म्हणून शिकवला जातो. मीही तो तसाच ऐकला, आणि आमच्या वस्तीतली आम्ही चार मुलं त्या वेळी बाकाकडे बघत बसलो होतो. आंघोळीवर कोणी बोललं नाही. करुणा आणि विटाळ एकाच वाक्यात, एकाच आईच्या तोंडी सुखानं नांदतात. ब्राह्मण्य समजून घ्यायला याहून सोपा उतारा मराठीत शोधून सापडणार नाही. शिक्षकांनी तो खरंच शिकवला, तर मी पुस्तक अभ्यासक्रमात ठेवायच्याच बाजूची आहे.

श्यामचं घर खोताचं, पडत्या काळातलं. पालगड दापोली तालुक्यात आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये बाबासाहेब सुरुवातीलाच सांगतात की आपलं कुटुंब मूळचं दापोली तालुक्यातलं. तालुका एकच. एका घराची हळहळ अशी की खोती गेली, वैभव गेलं. दुसऱ्या घरातला मुलगा मोठा होऊन १९३७ साली मुंबईच्या कायदेमंडळात खोतीच रद्द करा म्हणून विधेयक मांडतो. श्यामच्या गरिबीवर पिढ्यान् पिढ्या रडल्या. खोताच्या कुळांच्या गरिबीवर रडायला लावणारं पुस्तक शाळेच्या कपाटात मला अजून दिसलेलं नाही. १९५३मध्ये अत्र्यांचा चित्रपट आला, त्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं आणि श्यामची आई अख्ख्या देशाची आई झाली. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' पुस्तिका म्हणून छापून यायला १९९० उजाडलं.

आता गुरुजींकडे. अंमळनेरच्या वसतिगृहात मुलांसाठी हातानं दैनिक लिहून काढणारा हा मास्तर १९४७ साली महिनोन् महिने महाराष्ट्रभर हिंडला आणि १ मेला पंढरपुरात उपोषणाला बसला. चोखोबाची समाधी ज्या महाद्वारासमोर, देवळाबाहेर आहे, त्याच देवळासाठी. बडवे विरोधात, सनातनी विरोधात. उपोषण सोडा, असं खुद्द गांधीजींनी कळवलं, तरी हे हटले नाहीत. दहा दिवसांनी दार उघडायचं कबूल झालं. आंघोळ करायला सांगणाऱ्या आईचा मुलगा चौदा वर्षांत इथवर आला. गुरुजींच्या आयुष्यात मुलांना सांगण्यासारखं काही असेल, तर हा प्रवास. तो सांगायचा तर बडव्यांचं नाव घ्यावं लागतं, म्हणून सोयीची आई पुढे केली जाते.

आपल्यातले काही म्हणतील, मंदिरप्रवेशाचं कौतुक आपण कशाला करायचं? बरोबर आहे. उपोषण सुरू होण्याच्या दोनच दिवस आधी, २९ एप्रिलला, दिल्लीत संविधान सभेनं अस्पृश्यता नष्ट करणारं कलम मंजूर केलं होतं. आपली लढाई केव्हाच देवळाच्या पायरीवरून उठून हक्कांच्या मसुद्यात गेली होती. गुरुजींनी आपल्याला मुक्त केलं नाही, आणि तसं म्हणणाऱ्या प्रत्येक भाषणाला आपण हरकत घेतली पाहिजे. त्यांनी स्वतःच्या समाजाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. ते काम सवर्णांचंच होतं आणि आजही फार थोडे करतात. पंढरपूर पुसून त्या समाजानं स्वतःची सुटका करून घेतली आहे. त्यात आपण का हातभार लावायचा?

हे मांडलं की एक आक्षेप ठरलेला. एका चर्चासत्रात एका प्राध्यापकांनी तो मला फार प्रेमानं ऐकवला: एवढ्या लहान वयात मुलांच्या डोक्यात जात कशाला घालता? त्या मोळीच्या प्रसंगातला श्यामही लहानच आहे, आणि आंघोळ त्याला आईनंच शिकवली आहे. आणि १९०१च्या उन्हाळ्यात मसूर स्टेशनवर, महार म्हणून कोणी बैलगाडीत घेईना तेव्हा ताटकळत उभा राहिलेला आणि पुढे वाटेत रात्रभर पाण्याचा घोट न मिळालेला भीमराव नऊ-दहा वर्षांचा होता.