भातानंतरचे मोकळे खाचर

भोगीच्या आदल्या दिवशी मंडईत पावटा, घेवडा आणि ओल्या हरभऱ्याचे ढीग बघता बघता संपतात. त्याच दिवसांत तास-दीड तासाच्या अंतरावरची मुळशी-मावळातली बरीच भातखाचरे मात्र भेगाळून उघडी पडलेली असतात. ज्यांचे नाव या मंडईला आहे त्या महात्मा फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये पावसाचे पाणी शेतातच मुरावे म्हणून ताली-बंधारे मागितले होते. भातखाचरात पाणी मुरते. पण भात निघाल्यावर उरलेली ओल आपण उन्हाला देऊन टाकतो.

या ओलीवर वाल टोकणे ही कोकणातली जुनी रीत. रायगडची पोपटी लागते ती याच शेंगांची. वाल-हरभऱ्याच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतला नत्र बांधतात, पाने माती झाकतात. अडचण चिखलणीची आहे. खाचरात पाणी टिकावे म्हणून आपण मातीची घडण मोडतो. खाली घट्ट थर बसतो आणि पुढच्या पिकाची मुळे तिथे अडतात. साचलेल्या पाण्यात मिथेन तयार होतो तो वेगळाच.

नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी यावर ‘एसआरटी’ पद्धत बसवली. गादीवाफे एकदाच करायचे, चिखलणी-लावणी न करता भात टोकायचा, कापणीनंतर मुळे जमिनीतच कुजू द्यायची आणि त्याच वाफ्यावर नांगर न घालता कडधान्य घ्यायचे. कुजलेल्या मुळांच्या वाटांनी हवा-पाणी खाली जाते. लावणीची कंबरमोड वाचते, हेही काही थोडे नाही.

नांगर थांबला की तण वाढते आणि हात तणनाशकाकडे जातो, हे झाकण्यात अर्थ नाही. माणसांच्या आणि जनावरांच्या आरोग्याला असलेल्या धोक्यामुळेच केंद्राने २०२२ मध्ये ग्लायफोसेटवर निर्बंध घातले. या पद्धतीच्या प्रचारकांनी तणाला दुसरे उत्तर शोधायलाच हवे.

पण खरा अडसर गुरांचा. भात कापला की गुरे मोकळी सोडायची, हा अनेक गावांचा रिवाज आहे. एकट्याने वाल पेरला तर तो गावाचा चारा होतो. सल्ल्याच्या पत्रकांनी हे सुटणार नाही. कापणीआधीच ग्रामसभेने गुरे बांधण्याचा ठराव करावा आणि कृषी खात्याने वालाचे बियाणे दिवाळीपूर्वी गावात पोचवावे. दिवाळीनंतर आले तर ओल गेलेली असते.