तोट्याचे पारडे आणि मनाचा उपचार

गेल्या सत्रात एक विद्यार्थिनी गुणपत्रिका घेऊन आली. सातपैकी सहा विषयांत चांगले गुण, एका विषयात अनुत्तीर्ण. "सर, सगळं गेलं," एवढेच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

अर्थशास्त्राच्या अध्यापकाला यात नवल वाटण्याचे कारण नाही. शंभर रुपये मिळाल्याच्या आनंदाहून शंभर रुपये गमावल्याचे दुःख जड असते, हा सिद्धान्त डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडला. १९९२ च्या त्यांच्या अंदाजाप्रमाणे हे दुःख सुमारे सव्वादोन पट जड भरते. मनाचा तराजू मुळातच एका बाजूस झुकलेला आहे. संकट वेळीच ओळखणारा जीव तगतो, हे त्याचे कारण सांगितले जाते आणि ते पटण्याजोगे आहे. परंतु नैराश्याने ग्रासलेल्या माणसाचे हेच पारडे जमिनीला टेकते.

मानसोपचाराचा भर दीर्घकाळ दुःख हलके करण्यावर राहिला. सुखाचे पारडे स्वतंत्रपणे भरावे लागते, हा विचार त्या मानाने अलीकडचा. मिशेल क्रास्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दोन्ही पद्धतींची तुलना प्रसिद्ध केली. सुखद कृती ठरवून करणे, घडलेला चांगला प्रसंग बारीकसारीक तपशिलांसह पुन्हा सांगणे, कृतज्ञतेचा सराव करणे, असा दुसऱ्या पद्धतीचा क्रम होता. सहा महिन्यांनंतरही तिचे रुग्ण अधिक सावरलेले आढळले.

अर्थात, या क्षेत्रात उतावीळपणाही झाला आहे. एका अप्रिय भावनेमागे २.९०१३ प्रिय भावना असल्या की माणूस बहरतो, असे गणित २००५ मध्ये मांडले गेले. निकोलस ब्राउन, अ‍ॅलन सोकल आणि हॅरिस फ्रीडमन यांनी २०१३ मध्ये ते निराधार ठरवले. चार दशांश स्थळांचा हा मोह पाहून आम्ही अर्थशास्त्र्यांनी मात्र हसू नये. आमच्या घरी तो वारंवार पाहुणा असतो.

माझा खरा आक्षेप निराळा आहे. हा उपचार काट्याची चूक काढतो, गोणीतला माल बदलत नाही. भाव कोसळलेल्या शेतकऱ्याला किंवा नोकरी गेलेल्या कामगाराला "चांगले तेवढे पाहा" असे सांगणे हा उपचार नव्हे, ती टाळाटाळ आहे. त्याचा तोटा खरा आहे आणि त्याची भरपाई धोरणानेच व्हावयास हवी. कार्यालयांतून आणि शाळांतून आनंदी राहण्याचे वर्ग भरतात, तेव्हा ही सीमारेषा हमखास पुसली जाते.

त्या मुलीला मी समुपदेशकांकडे पाठवले. काही आठवड्यांनी ती आली ती सांख्यिकीचा पेपर कसा सोडवला हे सांगत. कोणते उदाहरण आधी घेतले, कोणते अडले, सारे तपशीलवार. बोलता बोलता तिने पिशवीतून पुनर्परीक्षेचा अर्ज काढला आणि शुल्क भरण्याची शेवटची तारीख विचारली.